गंजीतली एक मूठ

घोड्याला गवत कुठून घ्यायचं, हा प्रश्न आमच्या घरात वर्षातून एकदाच यायचा, दिवाळीच्या आसपास. एकदा गंजी घेतली की पुढचा पावसाळा येईपर्यंत तेच गवत. निवड चुकली तर चुकलेलंच रोज घोड्यापुढं टाकायचं. उन्हाळ्यात दुसरीकडं चांगलं गवत मिळत नसे.

मी तेव्हा नांदेडला कॉलेजात होतो. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मीच पहिला. हैदराबाद राज्य मोडून मराठवाडा मुंबईकडं गेला, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. तशी ती फार मोठी नाही. पण त्या दिवाळीत माझे वडील जसे दिसले तसे त्यापूर्वी मी त्यांना कधी पाहिले नव्हते. म्हणून लिहून पाहतो. नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते पूर्वी एका जहागीरदाराच्या तबेल्यात सईस होते. जहागिऱ्या गेल्या तेव्हा तबेला मोडला. राहिलेल्या पगाराच्या बदल्यात त्यांना एक पांढरा घोडा आणि एक कुमैत घोडी मिळाली. कुमैत म्हणजे काळपट तांबडी. त्यांनी परभणीच्या स्टेशनवर टांगा सुरू केला. सकाळच्या गाड्यांना घोडा आणि दुपारनंतरच्या गाड्यांना घोडी, असं चालायचं. माझी फी, खोलीचं भाडं, आईच्या अंगावरचं लुगडं, सगळं त्या दोन जनावरांच्या पायांवर चाललं होतं.

अड्ड्यावरचे टांगेवाले दादांना गवताचं विचारत. कोणाचं गवत घ्यावं, कोणाचं आतून बुरसलंय, हे दादा वासावरून सांगत. आमच्या भागात गंजी विकत घ्यायची एक रीत होती. गंजी वरून कशीही दिसो, घेणाऱ्यानं आपल्या मनानं जागा धरायची, खांद्यापर्यंत हात आत घालायचा आणि आतली एक मूठ ओढून काढायची. वास घ्यायचा, आणि हो की नाही ते तिथंच सांगायचं. मूठ एकच. दुसरी मागणं म्हणजे विकणाऱ्याला तोंडावर चोर म्हणणं. दादा मूठ नाकाशी धरून डोळे मिटत. मग बाजूचे लोकही बोलायचे थांबत.

त्यांचा हा वास गेला होता.

या दिवाळीच्या आदल्या वर्षी पावसाळ्यात त्यांना मोठा ताप आला होता. ताप उतरला तो नाक घेऊनच उतरला. आधी कोणाला कळलंच नाही. एके दिवशी आईनं विटलेलं वरण टाकून द्यायला बाजूला ठेवलं होतं, ते दादांनी भाकरीबरोबर निमूट खाऊन टाकलं. आईनं विचारलं तेव्हा त्यांनी कबूल केलं. घरात आम्ही तिघंच, तिघांनाच ठाऊक. बाहेर सांगायचं नाही, असं दादांनी आम्हाला बजावलं होतं. मला त्यात फारसं काही वाटलं नाही. माणसाचे डोळे जातात, कान जातात, त्यापुढं वास गेला तर काय झालं, असं माझ्या मनात आलं होतं.

त्याच वर्षी दिवाळीत त्यांनी बाजारातल्या एका व्यापाऱ्याकडून गवत घेतलं. नेहमीप्रमाणं मूठ ओढली, नाकाशी धरली, डोळे मिटले आणि मान हलवली. गवत आतून पांढऱ्या बुरशीनं भरलेलं होतं. माघात पांढऱ्या घोड्याचं पोट फुगलं, तो आडवा झाला तो उठला नाही. मी नांदेडला होतो. घरी आलो तेव्हा गोठ्यातली त्याची जागा शेणानं सारवून टाकली होती.

त्यानंतर सगळं घोडीवर आलं. सकाळी तीच, संध्याकाळी तीच. दिवाळीच्या सुट्टीत मी आलो तेव्हा तिच्या बरगड्या मोजता आल्या असत्या. दादांनी तिच्या पाठीवर खरारा फिरवता फिरवता मला म्हटलं, "उद्या पोखर्णीच्या रस्त्याला जाऊ. तू चल संगं. मूठ तू घे."

"मला काय कळतंय दादा त्यातलं?"

"वास येतो ना तुला?"

"येतो."

"मग झालं. तू वास घे अन् मला सांग. बाकी मी बघतो."

आई चुलीपुढं बसली होती. ती म्हणाली, "ही गेली तर मग काय टांगा ह्यानं ओढायचा का?" ह्यानं म्हणजे मी. ती हसली नाही, आम्हीही हसलो नाही.

पोखर्णीच्या रस्त्याला जहागीरदाराचं जुनं कुरण होतं. दादा तबेल्यात होते तेव्हा घोड्यांचं सगळं गवत तिथूनच यायचं. आता ते कुरण कसणाऱ्या कुळांकडं गेलं होतं. बराच भाग नांगरून कापूस लावला होता, पण ओढ्याकाठचा तुकडा एका शेतकऱ्यानं तसाच राखला होता. तो दादांना जुना ओळखत होता. एकेकाळी तोच तिथं मजुरीनं गवत कापायचा. आता कुरण त्याचं होतं आणि त्याला त्याचा अभिमान होता. मला वाटतं, तो अभिमान योग्यच होता.

आम्ही टांगा घेऊनच गेलो. शेतकऱ्यानं लांबूनच हाक मारली.

"या सईसमामा! या! कुठं व्हता दोन बरसं? बाजाराचं गवत गोड लागायलंय का?"

"आलो न्हवं आता."

"अन् हे कोण? तुमचं कॉलेजवालं पोरगं का? अरं, लय वाळलाय की रं हा. ह्याला बी दोन पेंढ्या बांधून देऊ का?"

त्याचा भाऊ आणि दोन गडी बांधावर बसले होते, ते हसले. मीही हसलो. गंजी खरोखर देखणी होती. वर्षाच्या त्या दिवसांतही पेंढ्यांचा रंग हिरवट होता आणि पानं जागच्या जागी होती. मी एवढं चांगलं गवत पाहिलं नव्हतं, असं मला वाटलं. आमचं काम झालंच, असंही वाटलं.

दादांनी गंजीभोवती एक चक्कर मारली. मग एका जागी थांबून मला म्हणाले, "इथं घाल हात."

"पोरगं घेणार?" शेतकऱ्यानं विचारलं. "कॉलेजात घोड्याचा बी अभ्यास हाय का आता?"

"शिकू द्या की त्याला," दादा म्हणाले.

मी हात घातला. पेंढ्या घट्ट होत्या, हात ओरखडत आत गेला. मूठ ओढून काढली आणि नाकाशी धरली. सगळे माझ्याकडं पाहत होते. मी डोळे मिटले नाहीत, मला लाज वाटली.

"कसा येतो?" दादांनी हळू विचारलं.

"चांगला येतो."

"चांगला म्हंजे?"

"गोड येतो."

"गोड म्हंजे कसा? हुरड्यासारखा का?"

मी पुन्हा वास घेतला. मी कॉलेजात निबंध लिहायचो, माझ्या निबंधांना शिक्षक बरं म्हणायचे, पण एका वासाला शब्द शोधायला मला इतका वेळ कधी लागला नव्हता. हुरड्यासारखा नव्हता. ताज्या गवतासारखाही नव्हता. दादा माझ्या तोंडाकडं असे पाहत होते, की जणू मी बोलेन तेच गवत होणार होतं.

"गुळासारखा," मी म्हणालो. "गुऱ्हाळात येतो ना, रस आटत आल्यावर, तसा."

शेतकरी खूश झाला. "मग! गुळासारखंच हाय! एक पान झडू दिलं न्हाई मामा. सारं दहिवरात बांधलंय."

दहिवर म्हणजे पहाटेचं दव. आमच्याकडं कडबा दवातच बांधतात. ऊन चढल्यावर बांधायला गेलं तर ज्वारीची पानं तुटून जातात, म्हणून पहाटे दवानं मऊ झालेला कडबा आवळायचा. हे प्रत्येक शेतकऱ्याला माहीत. त्यानं गवतही तसंच बांधलं होतं.

दादा गंजीच्या माथ्याकडं बघत होते. मग त्यांनी विचारलं, "अन् गंजी कवा लावली?"

"बांधलं की लगीच. आभाळ आलं व्हतं ना. भिजलं असतं तर सारी मेहनत गेली असती."

"उन्हात न्हाई टाकलं?"

"अन् पान झडू देऊ का? जहागीरदाराच्या बखताला तुमी लोक भर दुपारी बांधायला लावायचे, निम्मं गवत तिथंच झडून जायचं. आपलं झालं म्हटल्यावर कोण वाया घालील?"

त्याचं म्हणणं मला पटलं. मी हातातली मूठ घोडीपुढं धरली. तिनं ती झटकन ओढून घेतली आणि माझ्या तळव्यावर उरलेल्या काड्याही ओठांनी टिपल्या. शेतकरी म्हणाला, "बघा. आता हिला तरी इचारा. हिनं सांगितलं की सौदा!"

सगळे पुन्हा हसले. मी दादांकडं पाहिलं. त्यांना मान हलवायची होती, असं मला वाटलं. एवढ्या माणसांसमोर घोडीनं कौल दिला होता.

"अजून एक मूठ घेऊ का?" ते म्हणाले.

हसणं थांबलं. शेतकऱ्याचा भाऊ बांधावरून उठला.

"दुसरी मूठ?" शेतकरी म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "सईसमामा, मी तुमच्या हाताखाली कापलंय इथलं गवत. माझ्या गंजीत काय बाजारवाल्यावानी माती भरली का मी? अन् दर साली तर तुमी सोता मूठ घ्यायचे. आज पोराच्या हातानं घेतली, अन् आता दुसरी पायजे. काय झालंय काय तुमाला?"

दादांनी डोक्यावरचं मुंडासं काढलं आणि हातात धरलं.

"मला वास येत न्हाई," ते म्हणाले. "तापात गेला. बरसाच्या वर झालं. तुज्या गंजीवर माजा शक न्हाई बाबा. माजा मलाच भरवसा न्हाई."

बांधावरचे गडीही उठून उभे राहिले. मग त्या भावानं विचारलं, "म्हंजे गेल्या साली बाजारात मूठ घेऊन डोळे मिटले, ते?"

"ते उगं."

"अड्ड्यावरच्या दोघांनी तुमचं बघून तेच गवत घेतलं व्हतं की!"

"व्हय," दादा म्हणाले. "त्यांचे वाचले. माजा गेला."

शेतकरी चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं, असं मला आज वाटतं. तो एवढंच म्हणाला, "मग घेणार का न्हाई, ते सांगा. दुसरी मूठ मी काढू देत न्हाई. ती रीत न्हाई."

"न्हाई," दादा म्हणाले. "राहू दे."

परतताना दादांनी घोडीला सावकाश चालू दिलं. मी विचारलं, "गवत चांगलं होतं ना दादा? तिनं तर खाल्लं."

"पांढऱ्यानं बी खाल्लं व्हतं. रोज खाल्लं." मग ते म्हणाले, "ओलं बांधून दाबलं की गवत आत तापतंय. तापलं की गुळावानी वास सुटतो. तबेल्यात एकदा तसली गंजी आली व्हती, तबेल्यावरच्या दरोग्यानं सारी बैलाला घातली. बैलाला काय व्हत न्हाई. घोड्याचं पोट निराळं. पण तो वास अन् हा वास एकच का, ते मला कसं कळावं? तू म्हणायलास गुळावानी. तुजा गूळ अन् माजा गूळ एकच हाय का?"

मी तळहात नाकाशी नेऊन पाहिला. मी म्हटलेल्या एका शब्दावर दादांनी तो सौदा मोडला होता. मी 'हुरड्यासारखा' म्हणालो असतो तर गंजी आमची झाली असती. आणि मी खरोखर बरोबर शब्द वापरला होता का, याची मला त्या टांग्यात बसल्या बसल्याच शंका येऊ लागली.

दुसऱ्या दिवशी आम्ही पिंगळीला गेलो. स्टेशनच्या पलीकडं माळावर एक धनगराचं कुटुंब मेंढरं राखून होतं. रुळांकडेचं आणि पडीक रानातलं गवत कापून त्यांनी वाळवून ठेवलं होतं. एका पाहुण्याला पिंगळीला सोडताना दादांनी ते पाहिलं होतं. ती गंजी नव्हती, नुसता ढीग होता, मेंढवाड्याला लागून. गवत जाडंभरडं, पांढुरकं, पानं निम्मी झडलेली. कालच्या गवतापुढं ते कोणी फुकट नेलं नसतं.

घरची बाई वाड्याला काटे लावत होती. दादांनी विचारलं, "वाळवलं कसं म्हणावं हे?"

"वाळवायला काय लागतं? खडकावर टाकायचं, मेंढरामागं जायचं. आलो की उलथायचं, परत जायचं. आमाला बांधायला बखत कुठंय?"

"किती दिस व्हतं उन्हात?"

"मोजलंय कोणी? टाचेखाली कटकन् मोडायलं तवा गोळा केलं."

मी मूठ ओढली. इथं हात खांद्यापर्यंत घालायचीही गरज नव्हती.

"सांग," दादा म्हणाले.

"गोड नाही."

"मग?"

"काहीच येत नाही. म्हणजे, मेंढरांचा येतो."

बाई म्हणाली, "मेंढरापशी मेंढराचा न्हाई येणार तर काय अत्तराचा यावा? शहरातलं पोरगं दिसतंय."

"त्याच्याखाली?" दादांनी मला विचारलं. "मेंढराच्या वासाखाली काय हाय? बुरशीचा? कोंदट? जुन्या पेटीतल्या कपड्यावानी?"

मी खूप वेळ वास घेतला. मला चुकायचं नव्हतं. "धूळ," मी म्हणालो. "उन्हात तापलेल्या भिंतीसारखा. बाकी काही नाही. मला तरी नाही येत."

मूठ घोडीपुढं धरली तर तिनं हुंगली, नाकातून फुर्र केलं आणि मान फिरवली. बाई मनापासून हसली. "हिला पसंत न्हाई बाबा. जहागीरदारीन दिसती."

दादांनी तेच गवत घेतलं. घोडीनं आवडीनं खाल्लेलं सोडून तिनं तोंड फिरवलेलं घेतलं. बैलगाडीत भरताना त्यांनी स्वतः प्रत्येक कवेतलं गवत झटकलं. घरी आणल्यावर ते सगळं अंगणात पसरलं. मेंढरांचा वास जावा म्हणून आई आणि मी ते दिवसभर वरखाली करत होतो आणि दादा मधूनमधून विचारत, "गेला का? अजून येतो का?" पहिला दिवस घोडीनं तोंड लावलं नाही. दादांनी रोजची चण्यांची चंदीसुद्धा दिली नाही, नुसतं पाणी दाखवलं. ते तिच्यापुढं उकिडवे बसून राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं एक काडी उचलली, मग दुसरी. ती आनंदानं खात नव्हती. पण खात होती.

सुट्टी संपली आणि मी नांदेडला परतलो. दादांना लिहिता येत नव्हतं, आईलाही नाही. त्यामुळं घरून काही कळत नसे. वर्गात बसलो असताना माझ्या मनात मध्येच यायचं, की आपण वास नीट घेतला नसेल तर? धुळीच्या खाली बुरशी असेलही. माझं नाक काय, कधी कोणी तपासलं होतं का? माघ आला तेव्हा मला रात्री झोप लागेना. मी अभ्यास केला, पण त्या महिन्यात काय वाचलं ते आता काही आठवत नाही.

शिमग्याला परभणीला उतरलो तर घोडी अड्ड्यावर उभी होती. वाळलेली होती, पण उभी होती. डोळे स्वच्छ होते. मी तिच्या मानेवर हात ठेवला आणि थोडा वेळ तसाच ठेवला.

तिच्या शेजारी दुसऱ्या एका टांगेवाल्याचा घोडा होता. त्यानं पोखर्णीच्या रस्त्याची ती गंजी घेतली होती, म्हणजे आम्ही सोडलेली. त्याचा घोडा चांगला होता. अंगावर तकतकी होती, पोट भरलेलं होतं, आणि त्याला काहीही झालेलं नव्हतं. मालक मला पाहून ओरडला, "या नाकवाले! तुमच्या बापानं सोडलं अन् माज्या घोड्याचं नशीब उघडलं बघा! ह्या साली बी मला सोडून द्या म्हणावं एक गंजी!"

आजूबाजूचे हसले. एकानं आपल्या तोबऱ्यातली मूठभर चंदी दादांच्या नाकापुढं नेली आणि म्हणाला, "सांगा मामा, चणे हायत का तूर?" दादांनी त्याचा हात हळूच बाजूला केला. आता अड्ड्यावर कोणी त्यांना गवताचं विचारत नव्हतं. पोखर्णीचा तो शेतकरी गाडी पकडायला यायचा, तो दुसऱ्याच्या टांग्यात बसायचा.

घरी जाताना मी म्हणालो, "दादा, चुकलं का आपलं?"

"काय म्हाईत," ते म्हणाले. "त्याचा घोडा तरणा हाय, पचवला असंल. न्हाई तर गवत चांगलंच असंल. आता कोण सांगणार?" त्यांनी लगाम सैल सोडला. "ही हाय. एवढंच मला कळतंय."

मला ते पुरेसं वाटलं नाही. मला कोणीतरी सांगायला हवं होतं, की तुझा शब्द बरोबर होता. पण ते सांगू शकेल असं एकच नाक होतं, आणि ते आता राहिलं नव्हतं.

घर जवळ आलं तेव्हा दादा म्हणाले, "औंदा गंजीची वाटच बघायची न्हाई. दसऱ्याच्या आत उभं गवत घ्यायचं, आपण कापायचं, आपण उन्हात टाकायचं. तुजी माय रोज वास घेईल म्हणते. पण तिला त्यातलं काय सांगावं, काय न्हाई, ते सुधरत न्हाई. तू आलास तर तिला दावशील." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुजं कॉलेज असतंय ना तवा?"

दसऱ्याच्या सुमारास सहामाही परीक्षा असते, हे मला माहीत होतं. आईला काय शिकवायचं, हे मात्र मला माहीत नव्हतं. मी येतो म्हणालो.